सरळ केलेला आवाज

माझ्या मामांचं रेकॉर्डिंगचं दुकान तुळजापुरात होतं. दुकान आपलं म्हणायचं. नारळ-कुंकवाच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. भिंतींना बारदान ठोकलेलं, त्यावर जुन्या गाद्या टांगलेल्या, खिडकी खिळे मारून कायमची बंद. आत पाऊल टाकलं की कान दडपल्यासारखे व्हायचे. खाली यात्रेकरूंचा गलबला आणि वर आपलाच श्वास ऐकू यायचा.

सोलापुरात कॅसेटी काढणारा एकजण धंदा गुंडाळत होता, त्याच्याकडून मामांनी सगळं सामान उचललं होतं. सोळा चॅनेलचा मिक्सर, मोठ्या चकत्यांच्या टेपा वाजवणारं एक मशीन, आवाज घुमवणारी एकोची लांबट पेटी आणि एक जुना माइक. तो माइक मामा लोकरीच्या कानटोपीत गुंडाळून ठेवायचे. टेम्पो पहिल्यांदा घरासमोर थांबला आणि "मिक्सर आनलाय" असं मामांनी बाहेरून सांगितलं, तेव्हा मामी हात पुसत दारात आल्या. खाटेएवढं ते लोखंडी धूड बघून तशाच परत आत गेल्या. मामा ही गोष्ट प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे.

यंत्रं जुनीच. पाचव्या चॅनेलमध्ये खरखर होती, ती त्या चॅनेलच्या डोक्यावर दोन टपल्या मारल्या की थांबायची. वीज कमी दाबाची आली की टेप हळू फिरायची आणि बाईचा आवाज बाप्याचा व्हायचा. मग सगळ्यांनी चहा प्यायला खाली उतरायचं. पावसाळ्यात सगळ्यातूनच एक बारीक घूं ऐकू यायचं. मामा दर महिन्याला एखादा सुटा भाग शोधत सोलापूरला जायचे आणि बहुतेक वेळा तो न मिळताच परत यायचे.

त्यांची गिऱ्हाइकं म्हणजे आराधी, देवीची गाणी म्हणणारी माणसं. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, सोबत संबळ, तुणतुणं आणि झांज. मी कॉलेजला असताना सुट्टीत मामांकडे असायचो. वायरी गुंडाळायच्या, टेपांवर कागद चिकटवून गाण्यांची नावं लिहायची, लोकांना पाणी द्यायचं. तिथंच मी मावशींना पहिल्यांदा ऐकलं.

मावशी म्हणजे नात्यातल्या नव्हेत. तेरच्या, मामांच्याच गावच्या. सगळे त्यांना मावशी म्हणायचे म्हणून मीही. त्यांचे मालक संबळ वाजवायचे, त्यांना मी काका म्हणायचो. दोघं सकाळच्या पहिल्या एसटीनं यायची. काका आधी संबळ उन्हात ठेवून तापवायचे, मावशी तोवर पायरीवर बसून कुणाशीच बोलायच्या नाहीत. मामा त्यांना माइकपासून चांगलं तीन हात लांब उभं करायचे, तेही थोडं तिरकं. काका त्यांच्या पाठीमागं, दाराच्या उंबऱ्यात. सोळा चॅनेलपैकी वापरायचे तीन.

मावशींची एक खोड होती. वरच्या सुराला जायचं असलं की त्या थेट त्याच्यावर जायच्या नाहीत. थोड्या खालीच थांबायच्या. ऐकणाऱ्याला वाटायचं, चुकल्या. आणि मग खालून, चढण चढल्यासारख्या, सावकाश वर यायच्या. सुरावर पोचायच्या तोवर ओळ संपत आलेली असायची. कधी कधी तर पोचायच्याच नाहीत. काकांचा हात त्या चढणीबरोबर मंद व्हायचा. संबळ तेवढ्यापुरतं थांबून त्यांची वाट बघायचं. मामा सगळा वेळ मिक्सरवरच्या, आवाज मोजणाऱ्या काट्यांकडे डोळे लावून, एका बोटानं बटण वरखाली सरकवत बसायचे. गाणं संपलं की त्यांच्या बोटाला घाम असायचा.

मी एकदा विचारलं होतं, "मामा, त्या सुरात नाहीत ना?"

"त्या त्यांच्या सुरात हायत," मामा म्हणाले. "तू पानी दे जा."

पुढं कॅसेटी गेल्या, सीडी आल्या आणि गेल्या, मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचे दिवस आले, आणि मग सगळंच मोबाइलवर. मी धाराशिवला एका डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका लावायचं काम करत होतो. कॉम्प्युटरवर हात बसला होता. आधी गंमत म्हणून, मग वेड लागल्यासारखा मी रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअरं शिकत गेलो. एक लॅपटॉप, वहीएवढं एक साउंड कार्ड, हेडफोन आणि एक स्वस्तातला माइक. घराच्या मागच्या खोलीत, जिथं आई धान्याची पोती ठेवायची, तिथं मी टेबल मांडलं.

प्लगिन हा शब्द मी तेव्हा शिकलो. कॉम्प्युटरच्या आत बसवायचे छोटे प्रोग्राम. एक आवाज दाबून एकसारखा करणार, एक घुमवणार, एक खरखर काढणार. मामांच्या खोलीतल्या प्रत्येक पेटीसाठी एक प्लगिन होतं, आणि गंमत अशी की पडद्यावर ते हुबेहूब त्या पेटीसारखं दिसायचं. लाकडी कडा, गंजलेले स्क्रू, काटेसुद्धा. मला तर तो चमत्कारच वाटला. जे जमवण्यात मामांची उमर गेली ते माझ्या मांडीवर होतं.

मी मामांना मुद्दाम बोलावून घेतलं. त्यांना खुर्चीवर बसवलं आणि पडद्यावर तसाच एक मिक्सर उघडून दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी चष्मा सारखा केला, बोट पुढं केलं आणि पडद्यावरचं एक गोल बटण चिमटीत धरून फिरवायला गेले. मी हसलो. आता आठवतं तेव्हा ते हसणं फार मोठ्यानं होतं असं वाटतं.

"ह्याच्यावर धूळ बसत न्हाय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"घूं येत न्हाय?"

"पाहिजे असंल तर येतंय, मामा. तेचंसुद्धा बटण आहे. जुन्या यंत्रासारखं वाटावं म्हणून."

ते ऐकून त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्यांची थट्टा करतोय. मी थट्टा करत नव्हतो, ते बटण खरंच होतं.

"यंत्र बिघडलं की कळतंय तरी," ते उठताना म्हणाले. "हे बिघडलं तर कळायचं कसं?"

"हे बिघडतच नाही," मी म्हणालो.

त्यानंतर वर्षभरात मामांची खोली गेली. खालच्या दुकानाच्या मालकाला वरच्या मजल्यावर यात्रेकरूंसाठी लॉज करायचं होतं. मामा धाराशिवला आले, चहा घेतला, पावसापाण्याचं बोलले, आणि निघताना चप्पल घालत म्हणाले, "तुझ्या त्या खोलीत मिक्सर मावंल का? नुसता ठेवायला. वापरू नको पाहिजे तर."

खोलीत तो मावला असता. पोती हलवली असती तर मावला असता. पण मला त्या खोलीत ते धूड नको होतं. नव्या गिऱ्हाइकासमोर जुनाट दिसंल असं वाटलं. मी म्हणालो, "मामा, आता त्याचा काय उपयोग? सगळं ह्यात आहे की." आणि लॅपटॉपवर हात ठेवला.

मामांनी मान हलवली. मिक्सर एका मंडपवाल्यानं नेला, वरातीत लावायला. एकोची पेटी आणि टेपचं मशीन भंगारात गेलं. माइकचं काय केलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. टेपांची दोन पोती मात्र त्यांनी रिक्षात घालून माझ्याकडं आणून टाकली. "एवढ्या कॉम्प्युटरवर घे," म्हणाले. मी हो म्हणालो आणि पोती पत्र्याखालच्या माळ्यावर चढवली. घेऊ कशावर वाजवून, हा प्रश्न ना त्यांना सुचला ना मला. मशीन तर आदल्याच आठवड्यात गेलं होतं.

मावशी आणि काका माझ्याकडं आले ते त्यानंतर दोन-एक वर्षांनी. देवीच्या गाण्यांचा मोबाइलवर चॅनेल चालवणाऱ्या एका माणसाला सहा गाणी हवी होती. त्यानं मला सांगितलं, मी मावशींना सांगितलं. आवाज तोच होता, थोडा जाड झालेला. अधूनमधून खाकरायच्या. नेहमीची तंबाखू होतीच तोंडात.

काकांनी अंगणात संबळ तापवलं, आत आणलं आणि एक थाप मारली. माझ्या छोट्या खोलीत ती थाप अशी आदळली की माइकचा आवाज फाटला. मी मागं सरकायला सांगितलं. मग आणखी मागं. मग दाराबाहेर. तरी भागेना. शेवटी मी म्हणालो, "काका, संबळ माझ्याकडं कॉम्प्युटरमध्ये आहे. तयार. तुम्ही आज आराम करा."

"कॉम्प्युटरमदी हाय?" ते म्हणाले. "कुनी वाजवलंय?"

मला माहीत नव्हतं. कुणीतरी कुठंतरी वाजवून तुकडे केलेले, ते मी जोडून ठेका बनवला होता.

"बरं," म्हणून ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले. रेकॉर्डिंग चाललं ते दोन्ही दिवस तिथंच बसले, संबळ मांडीवर घेऊन.

मावशींना मी हेडफोन घातला. माइक तोंडाजवळ आणला, एक वीतभर. ठेका सुरू केला, त्याच्याबरोबर गती कळावी म्हणून बारीक टकटक.

"हे टकटक कोन करतंय?" मावशींनी विचारलं.

"कॉम्प्युटर."

"त्येला सांगा, वरच्या सुराला जरा थांब म्हनावं. मला चढायला येळ लागतो."

"तो थांबत नाही, मावशी. तुम्हालाच त्याच्यासंगं जावं लागंल."

त्या गेल्या. दुसरं काय करणार? पण ठेका थांबत नसल्यामुळं त्यांची चढण अर्ध्यात तुटायची आणि त्या धडपडत पुढच्या ओळीवर यायच्या. ऐकायला ते खरंच वाईट वाटत होतं. मी त्यांना दोष दिला नाही, मनातल्या मनातही नाही. माझ्याकडं उपाय होता. सूर सरळ करणारं एक प्लगिन होतं. त्यात गायलेला आवाज पडद्यावर नागमोडी रेघेसारखा दिसतो, आणि ती रेघ आपण ओढून जिथं पाहिजे तिथं बसवायची. मी आठवडाभर बसून सहाही गाण्यांतली एकूण एक चढण काढून टाकली. मावशी आता प्रत्येक सुरावर पहिल्याच झटक्यात पोचत होत्या. मग आवाज दाबून एकसारखा केला, खरखर काढली, खाकरणं काढलं, दोन शब्दांमधला श्वास काढला. मला माझ्या कामाचा अभिमान वाटला, हे लिहायलाच पाहिजे.

चॅनेलवाला खूश झाला. गाणी चालली. नवरात्रात तर तुळजापूरच्या दुकानादुकानांतून वाजली. मावशींनी त्यांच्या भाचीच्या मोबाइलवर ऐकली, असं काका म्हणाले. "कशी वाटली?" मी विचारलं. "चांगली हायत म्हनली," ते म्हणाले. आणि मग, "लई स्वच्छ हायत."

पुढच्या उन्हाळ्यात लॅपटॉप भरला. एका मंडळाची गाणी करायची होती, जागा नव्हती. मावशींची मूळ रेकॉर्डिंगं, कच्ची, जशी गायली तशी, फार जागा खात होती. तयार गाणी तर हातात होतीच. दुपारी जेवण करून आलो आणि ती पुसून टाकली. एका मिनिटाचंही काम नव्हतं.

मावशींच्या घशात गाठ निघाली ती त्याच पावसाळ्यात. मला उशिरा कळलं. सोलापूरच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि काढलं.

दोघं माझ्याकडं आली तेव्हा थंडी सुरू झाली होती. मावशींच्या गळ्याभोवती पांढरं मऊ फडकं होतं आणि त्याखालून श्वास आत-बाहेर होताना ऐकू यायचा. खूप वाळल्या होत्या. तोंडात तंबाखू नव्हती, त्यामुळं चेहरा अनोळखी वाटत होता. त्या नुसते ओठ हलवायच्या आणि काका त्यांच्याकडं बघून आपल्याला सांगायचे. काकांना एखाद-दोनदा परत विचारावं लागायचं, मग मावशी चिडून मान फिरवायच्या.

"भाऊ," काका म्हणाले, "हिला हिचा आवाज ऐकायचाय. मोबाइलवरचा नगं म्हनती. तुमच्या मोठ्या मशीनवर लावा."

मी हेडफोन दिला. स्वतः त्यांच्या कानांवर बसवला. सहांपैकी सगळ्यात चांगलं झालेलं गाणं लावलं. मावशी डोळे मिटून ऐकत होत्या. पहिलं कडवं संपून दुसरं लागलं. मग त्यांनी डोळे उघडले, पडद्यावरच्या हलणाऱ्या रेघांकडं पाहिलं आणि हळूहळू ओठ हलवले.



"काय म्हणाल्या?" मी काकांना विचारलं.

"जाऊ द्या."

मावशींनी काकांच्या हाताला धरून पुन्हा तेच म्हटलं. आता काकांना सांगावंच लागलं.

"इचारती, ही कोन हाय म्हनून."

मी म्हणालो, "मावशी, तुम्हीच आहात."

त्यांनी मान हलवली. राग नव्हता. चुकीचं घर दाखवणाऱ्याला आपण नाही म्हणतो, तसं. हेडफोन काढून दोन्ही हातांनी नीट टेबलावर ठेवला. मग हवेत एक हात वर नेला, खालून, सावकाश, जशा त्या सुरावर जायच्या तसा, आणि माझ्याकडं बघत राहिल्या. हे कुठं आहे, असं त्या विचारत होत्या. ते काकांनी सांगायची गरज नव्हती.

मी त्यांना म्हणालो, "आठ दिवस द्या. मी काढतो." हे मी का म्हणालो मला सांगता येत नाही. त्याच वेळी मला ठाऊक होतं की काढायला काही उरलेलं नाही.

पुसलेल्या फाइली परत आणणारी जेवढी सॉफ्टवेअरं मिळाली तेवढी मी लावून पाहिली. लॅपटॉप पुण्याला एकाकडं पाठवला. त्या जागेवर नंतर मंडळाची गाणी लिहिली गेली होती, तो माणूस फोनवर मला समजावून सांगत होता, आणि मी हो हो म्हणत होतो. तयार गाण्यातून प्लगिननं जे केलं ते उलटं करता येतं का, हेही विचारलं. येत नाही. सरळ केलेली रेघ आधी कशी वाकडी होती, हे त्या रेघेला आठवत नाही.

मग माळ्यावरची पोती.

पत्र्याखाली तीन उन्हाळे आणि तेवढेच गळके पावसाळे काढलेल्या त्या टेपा. मी एकट्यानं खाली उतरवल्या. कागदाच्या पट्ट्यांवर माझंच कॉलेजातलं अक्षर होतं. मावशींच्या अकरा निघाल्या. काहींवर पांढरी बुरशी होती, काही एकमेकींना चिकटून वीट झाल्या होत्या. त्यातल्या त्यात चार बऱ्या वाटल्या. मी मामांना फोन केला.

मामा आता तेरला, गावच्या घरी राहत होते. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून मी स्वतः गेलो. सांगितल्यावर त्यांनी मला एक शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "सोलापूरला एकजन रेडिओ दुरुस्त करनारा हाय. त्याच्याकडं तसलं मशीन हुतं. अजून असंल तर."

होतं. आम्ही दोघं एसटीनं गेलो, टेपा मांडीवर घेऊन. दुरुस्तीवाला म्हातारा मामांच्याच वयाचा. त्यानं मशीन पुसून वर ठेवलं, पट्टा ताणून बसवला, दोनदा नुसतंच फिरवून पाहिलं. मामांनी टेप स्वतःच्या हातानं लावली. ती एका झटक्यात बसली. दुरुस्तीवाला म्हणाला, "आदी फिरतंय का बघू. मंग तुमची वायर जोडू."

आणि ती सुरू झाली.

आधी संबळ. त्या जुन्या खोलीतलं, उंबऱ्यातलं. मग मावशी. तीन हातांवरून, तिरक्या उभ्या राहून. ओळीच्या शेवटी वरचा सूर आला आणि त्या खाली थांबल्या. संबळ थांबलं. त्या चढू लागल्या.  दुसरी ओळ झाली, तिसरी निम्मी झाली, आणि आवाज गोधडीखाली गेल्यासारखा झाला, मग आणखी खाली, मग नुसती खरखर.

दुरुस्तीवाल्यानं मशीन बंद केलं. टेप जिथून सरकते तिथं तपकिरी भुकटी साठली होती. टेपेवरचा थरच खरडून निघाला होता. त्यानं कापसानं पुसलं, आता मात्र माझी वायर जोडली, मी लॅपटॉपवर रेकॉर्ड चालू केलं, आणि टेप परत पहिल्यापासून लावली. काही नव्हतं. जे एकदा वाजलं होतं ते त्या कापसावर होतं.

मामा मशीनच्या काट्यांकडं बघत होते. खरखरीवरसुद्धा काटे हलतात.

"यायलाय न्हवं?" मला म्हणाले. "काटा चांगला उटतोय."

तेव्हा मला कळलं की पहिल्या वेळेलाही त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. मघाशी जे वाजलं ते त्या दुकानात दुरुस्तीवाल्यानं ऐकलं आणि मी ऐकलं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं सांगितलं, "मामा, येत नाही. गेलं." ते काट्यांकडं बघतच राहिले. उरलेल्या तीन टेपांतली एक लावताच तुटली. दोन आतून चिकटलेल्या होत्या, उलगडल्याच नाहीत.

परतीच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो होतो. मामा एकदाच बोलले. "त्या खोलीत मिक्सर मावला असता," म्हणाले. मग बाहेर बघत बसले. मी मान खाली घालून होतो. मिक्सर ठेवून घेतला असता तरी टेपा वाचल्या नसत्या, कच्च्या फाइली मीच पुसल्या असत्या. पण हे त्यांना सांगण्यात काय अर्थ होता? आणि मामा म्हणाले ते खोटं होतं असंही नाही. त्यांचं यंत्र घरात असतं तर मी त्या पोत्यांकडं तीन वर्षं असं पाठ फिरवून बसलो नसतो, एवढं मला माझ्यापुरतं माहीत आहे.

तेरला जाऊन मी काकांना सगळं सांगितलं. मावशी चुलीसमोर पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं असणार. वळल्या नाहीत. काका म्हणाले, "न्हाय तर न्हाय. तुमी तरी काय करनार." आणि मला चहा दिला.

मी त्यानंतर कुणाचं गाणं रेकॉर्ड केलं नाही. साउंड कार्ड विकलं. लग्नपत्रिका लावतो.

गेल्या नवरात्रात आईला घेऊन तुळजापूरला गेलो होतो. सकाळचे दहा वाजले असतील. दुकानांच्या रांगेत गर्दी सरकत होती आणि समोर काका दिसले. शेजारी मावशी, कवड्यांची माळ घातलेल्या, हातात परडी. गळ्याला तेच फडकं. काकांच्या खांद्याला संबळ नव्हतं. मी पुढं होऊन पाया पडलो. मावशींनी डोक्यावर हात ठेवला, कुणाच्याही डोक्यावर ठेवावा तसा.

बाजूच्या दुकानात गाणं वाजत होतं. माझं, त्यांचं, सहांमधलं दुसरं. सूर एकदम सरळ, स्वच्छ. गर्दीतल्या दोन बायका त्याच्याबरोबर गुणगुणत होत्या.

काकांनी माझा हात धरून मला जरा बाजूला घेतलं.

"भाऊ, हे बंद करता येतंय का? सगळीकडचं?"

"काका, ते आता हजारो लोकांच्या मोबाइलमध्ये असंल. माझ्या हातात नाही."

"चॅनेलवाल्याला सांगून?"

"त्यानं काढलं तरी लोकांकडं आहेच."

ते मान हलवत राहिले. "हिला दुसरं काय वाटत न्हाय," म्हणाले. "पन घरी कुनी आलं की म्हनतंय, मावशी, तुमचं गानं ऐकलं. मंग ही मान हलवून न्हाय म्हनती. लोकास्नी वाटतंय, डोक्यावर परिनाम झालाय."

मी त्या दुकानदाराकडं गेलो आणि दुसरं काही लावायची विनंती केली. त्यानं माझ्याकडं पाहिलं, कारण विचारलं नाही, बदललं. तेवढी शांतता झाली तेव्हा कळलं की पलीकडच्या दुकानात तेच गाणं लागलेलं आहे, आणि त्याच्या पलीकडंही, थोडं मागंपुढं. आई मला हाका मारत होती. रांग सुटली होती. मी वळून पाहिलं तेव्हा काका आणि मावशी माणसांच्या लोंढ्यात पायऱ्यांकडं निघाले होते. मावशी परडी छातीशी धरून खाली बघत चालत होत्या, आणि दोन्ही बाजूंनी ती बाई गात होती.